विजापूर आणि एक लाल फडकं

विजापूरला जाऊन आले म्हटलं की उलव्यात जो तो एकच विचारतो, गोलघुमटात आवाज खरंच घुमतो का हो? घुमतो. भिंतीला कान असतात हे आपण ऐकून आहोत, विजापूरच्या भिंतीला तोंडही आहे. मी तिथं एकदाच बोलले आणि त्या घुमटानं माझं बोलणं सात-आठ वेळा बोलून दाखवलं. काय बोलले ते येईलच पुढे. आधी कोण गेलं आणि का गेलं, ते सांगते.

मी खारघरच्या एका शाळेत इतिहास शिकवते. बावीस वर्षं फळ्यावर खडूनं गोलघुमट काढत आले आणि प्रत्यक्षात तो एकदाही पाहिला नव्हता. दर वर्षी एखादा आगाऊ मुलगा विचारायचा, "मॅडम, तुम्ही गेलात का तिकडे?" आणि मी पुढच्या धड्याकडे वळायचे. शेवटी यंदा जानेवारीत जोडून सुट्ट्या आल्या तेव्हा तिकिटं काढली. माझी आणि नवऱ्याची. नवरा बंदरात क्रेनवर आहे. निघायच्या दोन दिवस आधी त्याची रजा रद्द झाली. तो म्हणाला, आईला ने. सासूबाईंना विचारलं तर त्या लगेच तयार. मला वाटलं होतं, नाही म्हणतील.

आता खरी गोष्ट. विमानतळासाठी आमचं गाव उठलं त्याला सात वर्षं झाली. उलव्यात प्लॉट मिळाला, त्यावर दुमजली घर झालं, आता डोक्यावरून विमानंही जायला लागली. पण आमचे देव अजून पत्र्याच्या पेटीत आहेत. सासूबाई नव्या घराची वास्तुशांत करू देत नाहीत, देव्हारा मांडू देत नाहीत. का, ते सांगतही नाहीत. विषय काढला की उठून गच्चीत जातात. आणि वैशाखात माझ्या लेकीचं लग्न आहे. आमच्याकडे हळद घरच्या देवांपुढे लागते. देव पेटीत असताना हळद कुठं लावायची? नवरा रोज आईशी त्यावरून वाद घालायचा आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटत राहायचे.

कारण मला कारण माहीत होतं.

गाव सोडायच्या दिवशी सासूबाईंनी घराच्या उंबऱ्याखालची मूठभर माती काढून लाल फडक्यात बांधली होती. त्यांच्या घराण्याची रीत अशी, की नव्या घरात देव बसवताना जुन्या उंबऱ्याची माती आधी देव्हाऱ्याखाली घालायची. मी साताऱ्याकडची, आमच्याकडे असलं काही नाही. टेम्पो दारात, मी घाईनं भांडी भरतेय, तर हंड्यात मातीची एक गाठोडी. मला वाटलं, पोरांनी खेळून टाकली असेल. मी अंगणात तुळशीशेजारी ती झटकली आणि त्या फडक्यात आरसा गुंडाळला. संध्याकाळी सासूबाई सगळं सामान उपसत विचारत होत्या, "लाल फडका दिसला का गं? उंबऱ्याची माती होती त्यान."  मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगायचं ठरवलं, तर सकाळी नवरा येऊन म्हणाला, घर पाडून झालं. मग काय सांगणार, आणि सांगून काय मिळणार होतं? ते फडकं मात्र मी धुऊन कपाटात लपवून ठेवलं. विजापूरला जाताना पर्समध्ये घातलं. म्हटलं, घरात नाही जमलं ते परगावी जमेल.

दुपारी, लॉजवर

सोलापूरपर्यंत रेल्वे, पुढे बस. उसाच्या गाड्या आणि ज्वारीची शेतं बघत सासूबाई शांत बसल्या होत्या. मी मात्र यादी काढून बसले होते. चौदा इमारती, दोन दिवस. दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते.

लॉज शाकाहारी होतं, तसं दारावरच लिहिलेलं. खानावळीत ज्वारीची पातळ भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही आलं. मी माहेरच्यासारखी जेवत होते. सासूबाईंनी भाकरी उलटीसुलटी करून बघितली. आमच्याकडे तांदळाची, पांढरी, मऊ. त्यांनी एक घास खाल्ला, मग पिशवीतून एक बरणी काढली आणि झाकण उघडलं. सुका जवळा, कांद्यावर परतून, लाल तिखट घालून. पंख्याखाली तो वास अर्ध्या मिनिटात सगळ्या खानावळीत पोचला. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब उठलंच. मालक आले, हात जोडून म्हणाले, "आज्जी, इथं नको." सासूबाईंनी त्यांनाच विचारलं, चाखून बघता का. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आम्ही ताटं घेऊन बाहेर कडुनिंबाखाली पारावर बसलो. तिथं एक रिक्षावाला डबा खात होता, मेहबूबभाई, पन्नाशीचा, दाढीला मेंदी लावलेला. वास घेऊन त्यानं मान वळवली आणि विचारलं, "अम्मा, ये सुकी मच्छी है क्या?" सासूबाईंनी त्याच्या भाकरीवर दोन चमचे वाढले. पुढचे दोन दिवस तो आमचा सारथी झाला, आणि भाडं सांगताना दर वेळी आधी आकाशाकडे बघायचा.

इब्राहिम रोजा

पहिली इमारत इब्राहिम रोजा. गावाच्या पश्चिमेला, बागेत. एका उंच ओट्यावर समोरासमोर दोन इमारती, एक कबर आणि एक मशीद, मध्ये कारंज्याचा हौद. चित्रात दिसतं त्यापेक्षा हे सगळं नाजूक आहे. खिडक्यांना दगडाची जाळी, आणि जाळी म्हणजे सगळी अक्षरंच. दगड कोरून अक्षरांमधून उजेड आत सोडलाय. पोपट मिनारांत शिरत होते. मी वहीत लिहीत, फोटो काढत, दोनदा प्रदक्षिणा घालून आले. इतकी वर्षं जे शिकवलं त्यातलं निम्मं मला नीट समजलं नव्हतं असं वाटलं, आणि जरा लाजही वाटली.

सासूबाई ओट्याच्या पायरीवर बसून तिथल्या पहारेकऱ्याशी बोलत होत्या. त्याला मराठी बेताचंच येत होतं. त्या विचारत होत्या, "हे बांदायचे आदी हितं कोनाचा घर होता?"

तो म्हणाला, बादशहाची जागा होती. सासूबाईंनी मान हलवली. बादशहाची झाली ती नंतर. त्याच्या आधी कोणाची? कोणाचं शेत असेल, कोणाचं झोपडं असेल, त्यांना उठवलं असेल. त्यांना जागा कुठं दिली? पहारेकरी माझ्याकडे बघायला लागला. मी इतिहासाची बाई, पण मीही पुस्तकातलंच शिकवलेलं. आमच्या पुस्तकात कोणी बांधलं ते असतं, कधी बांधलं ते असतं. कोणाला उठवून बांधलं, त्याला प्रश्नपत्रिकेत मार्क नाहीत.

मग हे चालूच राहिलं. एका बुरुजावरच्या अजस्र तोफेला त्यांनी तळहात लावला, उन्हातही गार लागते म्हणून दोनदा लावला, आणि तोफ बघायला आलेल्या एका गृहस्थाला विचारलं, ही आणली तेव्हा वाटेत कोणाची घरं पाडली का. उपळी बुरुजाच्या बाहेरच्या पायऱ्या त्या माझ्याआधी चढल्या. आयुष्य भातशेतीत आणि मिठागरात गेलेलं, सत्तरीतही पाय माझ्यापेक्षा घट्ट. वरून सगळं विजापूर दिसतं. पडलेला तट, मधूनच उगवलेले घुमट, त्यांच्या अंगाला टेकून पत्र्याची घरं, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. त्यांनी मेहबूबभाईला विचारलं, "राजाची मानसं गेली तवा काय घेऊन गेली?"

"अम्मा, ये तो हमारे अब्बा के अब्बा को भी मालूम नै," तो म्हणाला.

त्यांना काय विचारायचंय ते मला कळत होतं. पर्समधलं फडकं मला दर पावलाला टोचत होतं. तिथंच सांगायला हवं होतं. मी त्याऐवजी म्हणाले, चला, अजून बारा कमान राहिली आहे. बारा कमान म्हणजे अर्धवट राहिलेली कबर; नुसत्या काळ्या कमानी उभ्या, वर छप्पर नाही. तिथंही मी पाच मिनिटांत यादीवर टिक केली आणि निघाले. सासूबाई म्हणाल्या, तुला कुठली गाडी गाठायची आहे का.

गोलघुमट

गोलघुमट बघायचा तर सकाळी दार उघडताच जावं. नऊनंतर शाळांच्या सहली येतात आणि सगळी पोरं वर जाऊन एकदम ओरडतात. मग घुमटात तुम्हाला स्वतःचं नाव ऐकू येणार नाही. आम्ही गेलो तेव्हा हिरवळीवर दव होतं आणि एक माळी पाइप ओढत होता.

फळ्यावर मी जो काढत आले तो अगदीच केविलवाणा होता हे पहिल्याच नजरेत कळलं. आत एकही खांब नाही. एवढी मोठी रिकामी जागा मी छपराखाली कधी पाहिलेली नाही. मधल्या चौथऱ्यावर कबरी, आणि आपण खाली मुंगीएवढे. कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून शंभरावर पायऱ्या आहेत, अरुंद आणि मधूनमधून अंधाऱ्या. मी तीनदा थांबले. सासूबाई नऊवारीचा काष्टा खोचून एका दमात वर.

वर घुमटाच्या आतून गोल सज्जा आहे. तिथल्या पहारेकऱ्यानं आम्हाला हिंदीत समजावलं. एकीनं या बाजूला भिंतीला टेकून बसायचं, दुसरीनं पार पलीकडे. भिंतीला तोंड लावून हळू बोललं तर ते भिंतीवरून सरकत पलीकडच्या कानात जातं. मोठ्यानं बोललं तर घुमट ते घेतो आणि परत परत देतो. सज्ज्यात आमच्याशिवाय एक नवं जोडपं होतं, तेवढंच.

सासूबाई पलीकडे जाऊन बसल्या. मधल्या खोल पोकळीपलीकडे त्यांचं हिरवं लुगडं तेवढं दिसत होतं, चेहरा नाही. मला वाटलं, हीच वेळ. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, इथं निदान त्यांचे डोळे दिसणार नव्हते. मी भिंतीला तोंड लावलं. शब्द फुटेना, म्हणून जोर लावला. आणि जे कुजबुजायचं होतं ते चांगलं खणखणीत बाहेर आलं.

"आई, लाल फडक्यातली माती मी झटकली."

घुमट म्हणाला, मी झटकली. मी झटकली. मी झटकली. प्रत्येक वेळी थोडं हळू, पण माझ्याच आवाजात. ते जोडपं आमच्याकडे बघायला लागलं. पहारेकऱ्याला मराठी येत नसावं, त्यानं हसून अंगठा दाखवला, म्हणजे छान जमलं. मी दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले होते. सात वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट एका परक्या गावातल्या परक्या छपराखाली फिरत होती आणि ती थांबवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

पलीकडचं हिरवं लुगडं उठलं. मी अर्धा सज्जा पळत गेले तोवर त्या जिन्यात शिरल्या होत्या. खाली हॉलमध्ये नाहीत. हिरवळीवर नाहीत. आवारातल्या संग्रहालयाच्या दारात नाहीत. माळ्याला विचारलं, त्यानं कानडीत काहीतरी लांबलचक सांगितलं. नवऱ्याला फोन करून काय सांगू, आई विजापुरात हरवली? मला रडू यायला लागलं. अखेर गेटबाहेर मेहबूबभाईच्या रिक्षात सापडल्या. मागच्या सीटवर, पदर डोक्यावरून घेऊन, समोर बघत.

मी म्हटलं, आई. त्यांनी मान वळवली नाही.

त्यानंतर जामा मशीद पाहिली. तिची फरशी नमाजाच्या चौकोनांनी आखलेली आहे, मी वहीत तेवढंच लिहिलंय. असार महाल पाहिला, ताजबावडीची मोठी विहीर पाहिली. सासूबाई सगळीकडे आल्या, पण कोणालाच काही विचारलं नाही. मी वाट बघत होते, की निदान बावडीपाशी तरी एखाद्या माणसाला धरून विचारतील, इथं आधी कोणाचं घर होतं. विचारलं नाही. जेवायच्या वेळी त्यांनी बरणी उघडली नाही, समोर आलेली ज्वारीची भाकरी मुकाट्यानं खाल्ली. मला ते जास्त लागलं. यादीतल्या चार इमारती राहिल्या होत्या. मी यादी घडी करून ठेवून दिली आणि मेहबूबभाईला म्हटलं, तूच ने कुठेतरी.

नवरसपूर

त्यानं आम्हाला गावाबाहेर तोरवीच्या बाजूला नेलं. ज्वारीच्या शेतांत एक भली मोठी कमान आणि पडक्या भिंती. याला संगीत महाल म्हणतात. बादशहाला जुनी राजधानी पुरेना, म्हणून त्यानं इथं नवं शहर वसवायला काढलं होतं. नवरसपूर. कारागीर आणले, सरदारांना वाडे बांधायला लावले, तट घातला. मग शेजारची फौज आली, सगळं लुटून उद्ध्वस्त करून गेली, आणि शहर अर्धवटच राहिलं. मेहबूबभाईनं हे सांगितलं तेव्हा सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. माझ्याशी नाही, त्याच्याशी.

"हितं आदी कोनाचा घर होता?"

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मेहबूबभाई म्हणाला, आधी शेतकरी असतील, आत्ताही शेतकरीच आहेत. मध्ये थोडे दिवस बादशहा होता. एवढं बोलून तो रिक्षाकडे गेला. सासूबाई एका पडलेल्या दगडावर बसल्या. मी समोर जमिनीवर बसले, पर्समधून फडकं काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते उलगडून बघितलं, कोपऱ्याला गाठीच्या सुरकुत्या अजून होत्या.

"मना वाटला माझे हातून हरवली," त्या म्हणाल्या. "टेम्पोन परली, का रस्त्यान परली. कोनाचे पायाखाली गेली. सात वरसा मी देवांना तोंड नाय दाखवला."

 मला वाटत आलं होतं की माती हरवली म्हणून त्या कोणावर तरी रागावून अडून बसल्या आहेत. सरकारवर, मुलावर, कदाचित माझ्यावर. त्या स्वतःवरच रागावल्या होत्या, आणि ते माझ्या एका 'नाही'मुळे. मी म्हटलं, आई, मला मारा, बोला, काहीही करा. मी रडत होते, त्या रडत नव्हत्या. त्यांनी फडक्याची घडी घातली. मग एकच विचारलं.

"कुठं झटकलीस?"

"तुळशीपाशी. आपल्याच अंगणात."

"गाडी निघायचे आदी?"

"हो. दारातच."

त्यांनी हळूच श्वास सोडला. "मंग घरची घरान रायली," त्या म्हणाल्या. "वाटंवर नाय परली."

मग मात्र त्यांनी मला चांगलं फैलावर घेतलं. शिकलेली बाई आणि विचारायची अक्कल नाही. तोंड शिवलं होतं का सात वर्षं. पोराशी माझं भांडण लावून स्वतः भांडी आपटत होतीस. आणि सांगायचं ते अख्ख्या विजापूरला ऐकवून सांगितलंस. शेवटच्या वाक्याला त्यांना हसू फुटलं, आणि ते दाबायला त्यांनी ते फडकंच तोंडाला लावलं. परतताना मेहबूबभाईनं आरशातून आमच्याकडे बघितलं आणि गाणं लावलं. लॉजवर पोचल्यावर सासूबाईंनी उरलेली जवळ्याची बरणी त्याला देऊन टाकली.

घरी

विजापूरला कोणी जाणार असेल तर दोन दिवस पुरतात, पण यादी करू नका. सकाळी लवकर घुमट गाठा, ज्वारीची भाकरी गरम असतानाच खा, आणि लॉजच्या दारावर काय लिहिलंय ते बरणी उघडण्याआधी वाचा. सोबत सासू असली तर उत्तमच.

आम्ही पहाटे उलव्यात पोचलो. नवरा दार उघडून विचारतोय, कसं काय झालं, तर सासूबाई चप्पलही न काढता घराच्या मागच्या बाजूला गेल्या. तिथं प्लॉटच्या कडेला फरशी घातलेली नाही, एक पेरू आणि थोडी मोकळी जमीन आहे. त्यांनी खुरप्यानं उकरून दोन मुठी माती काढली. एक मूठ देव्हारा मांडायचा त्या कोपऱ्यात नेऊन ठेवली, "तिथली तिथं रायली, आता हितली घालू," म्हणाल्या आणि नवऱ्याला सांगितलं, भटजीला फोन कर. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला अजून काही माहीत नव्हतं, ते सांगायला मला सगळी संध्याकाळ लागली.

दुसरी मूठ त्यांनी त्या लाल फडक्यात घातली, दोन गाठी मारल्या आणि माझ्या हातात दिली. डोक्यावरून दिवसाचं पहिलं विमान चाललं होतं, ते जाईपर्यंत त्या थांबल्या.

"ही तुजी," त्या म्हणाल्या. "परत उठायची पाळी आली तं लागंल. झटकू नको."